कापसावरची काजळी

वऱ्हाडातल्या बैठकीत एकही काळापांढरा फोटो नाही, असं घर सापडणं कठीण. कुठे पटका बांधून खुर्चीत ताठ बसलेले आबाजी, कुठे नऊवारीतली आजी, कुठे गाडगेबाबा. बाबा १९५६च्या डिसेंबरात वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गेले. घरोघरी त्यांचं जे रूप टांगलेलं आहे ते मुळातल्या काळ्यापांढऱ्या फोटोंवरूनच उतरलेलं. या फोटोंचं आता वय झालं. कडांवर चांदीची झाक चढली, पावसाळ्यात बुरशीने ठिपके पाडले, काचेला चिकटून कोणाचा कान गेला तर कोणाची मिशी. मग घरातलं कोणीतरी फ्रेम उतरवतं आणि बडनेऱ्याच्या नव्या वस्तीतल्या एखाद्या स्टुडिओत नेऊन देतं: स्कॅन करा, मोठा करून द्या.

तासाभराने प्रिंट हातात येतो. गिऱ्हाईक तो दारात नेऊन उजेडात धरतं. "भाऊ, आमचे आबाजी हिरवे कायले दिसून राह्यले?"

"थांबा, करतो नं बराबर."

स्टुडिओवाला संगणकावर हिरवा कमी करतो. दुसरा प्रिंट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली छान करडा दिसतो आणि उन्हात नेला की आबाजी गुलाबी होतात. यात कोणाची लबाडी नाही, आळसही नाही. लग्नाचे हजार रंगीत फोटो ज्या यंत्राने बिनतक्रार छापले, ते एका साध्या करड्या छटेपुढे हात टेकतं; कारण करडी शाई त्याच्या पोटात नाहीच.

गावोगावच्या स्टुडिओंत पासपोर्ट फोटो काढून देणारा एप्सनचा एल८०५ घ्या. त्यात सहा शाया: काळी, सायन, मॅजेंटा, पिवळी, आणि सायन-मॅजेंटाच्या दोन फिक्या आवृत्त्या. आबाजींच्या गालावरची सावली या यंत्राला सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून घडवावी लागते. तिन्हींचं प्रमाण अचूक जमलं तर करडा. एखादा केसभर वाढला तर हिरवा, जांभळा किंवा तांबूस. रंगीत फोटोत साडीचा लाल जरा इकडचा तिकडे झाला तर कोणाच्या लक्षात येत नाही. करड्यात मात्र लपायला जागा नाही. शेजारी सगळंच बेरंग असल्यामुळे डोळा रंगाचा पुसटसा डागही पकडतो. म्हणून ज्याला आपण 'साधा' फोटो म्हणतो, तोच छापायला जास्त अवघड.

उन्हात गुलाबी आणि ट्यूबलाइटखाली करडा, हा प्रकार त्याहून मजेदार आहे. रंगीत शाई प्रकाशातला ठरावीक पट्टा गिळते. तीन शायांनी मिळून तीन पट्टे गिळले की उरलेला उजेड डोळ्याला करडा भासतो, पण तो हिशोब त्या एका दिव्यापुरता जुळलेला असतो. ट्यूबलाइटच्या उजेडात काही रंग भरपूर, काही जवळजवळ गायब. उन्हात सगळेच हजर. दिवा बदलला की हिशोब मोडतो. जो पदार्थ प्रत्येक रंग जवळपास सारख्याच प्रमाणात गिळतो, तोच कुठल्याही उजेडात करडा राहतो. असा पदार्थ आपल्या घरात फार जुना आहे, त्याच्याकडे येतोच. आधी यंत्राच्या पोटात डोकावू.

इंकजेट म्हणजे थेंब नेमून दिलेल्या जागी टाकण्याची कला, आणि तिचा वंश संगणकाच्या कितीतरी आधीचा. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६७ साली समुद्राखालून येणाऱ्या तारेचे क्षीण संदेश टिपण्यासाठी एक यंत्र काढलं. त्यातल्या काचेच्या बारीक नळीचं टोक कागदाला टेकतच नसे. विजेच्या ओढीने शाई कागदावर उडे. त्यानंतर दहाएक वर्षांनी लॉर्ड रॅले यांनी पाण्याची बारीक धार तुटून थेंब का होतात, याचं गणित मांडलं. १८८० साली प्येर आणि झाक क्युरी या भावांना असे स्फटिक सापडले की जे दाबले तर वीज देतात. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी कागदावर गणित करून सांगितलं की उलटंही व्हायला हवं: वीज दिली तर स्फटिक आकार बदलेल. क्युरी बंधूंनी प्रयोग केला आणि तसंच झालं. याच लिपमनना १९०८ साली नोबेल मिळालं ते रंगीत छायाचित्रणासाठी, आणि आज काळापांढरा फोटो छापणाऱ्या यंत्राच्या मुळाशी त्यांचं गणित आहे.

एप्सनचे प्रिंटर याच तत्त्वावर चालतात. विजेचा झटका बसला की नोझलमागचा स्फटिक किंचित वाकतो, शाईला धक्का देतो आणि एक थेंब बाहेर पडतो. कॅनन आणि एचपी यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी वेगळी वाट शोधली. नोझलमध्ये सूक्ष्म तापक बसवायचा. तो काही मायक्रोसेकंदांत शाईचा पातळसा थर उकळवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो, थेंब ढकलतो आणि विरतो. हे एका नोझलमध्ये सेकंदाला हजारो वेळा घडतं.

थेंब केवढा? चांगल्या फोटो प्रिंटरचा थेंब दीड ते चार पिकोलिटर. एका मिलिलिटरमध्ये चार पिकोलिटरचे २५ कोटी थेंब बसतात. अशा एका थेंबाचा व्यास मिलिमीटरचा पन्नासावा भाग. असे थेंब सेकंदाला पाच-दहा मीटरच्या वेगाने कागदावर आदळतात, तेही ज्या हेडमधून निघाले ते स्वतः डावीउजवीकडे धावत असताना. आबाजींच्या डोळ्यातली चमक ही थेंबांनी जाणूनबुजून टाळलेली जागा असते.

इथे एक अडचण उभी राहते. काळा थेंब काळाच असतो. अर्धा काळा थेंब नसतो. मग करडं कसं दाखवायचं? वर्तमानपत्रांच्या ब्लॉकमध्ये याचं उत्तर होतं जाळीचे लहानमोठे ठिपके. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच ब्लॉक आणि छपाईच्या धंद्यात होते. इंकजेटने ठिपक्याचा आकार बदलण्यापेक्षा ठिपक्यांची दाटी बदलली. १९७६ साली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी सुचवलेली पद्धत तर आपल्या शाळेतल्या हातच्यासारखी आहे. एखाद्या जागी ३० टक्के करडं हवं असेल तर यंत्र म्हणतं, 'इथे ठिपका नको', आणि ते ३० टक्के उधार शेजारच्या जागांमध्ये वाटून देतं. उधारी साचत साचत पुरेशी झाली की तिथे ठिपका पडतो. बेरीज बरोबर जुळते आणि जाळीही दिसत नाही.

तरी गोम उरतेच. गालाचा उजळ भाग, धोतराच्या चुण्या, आभाळ अशा ठिकाणी ठिपके फार विरळ पडतात, आणि पांढऱ्यावरचे विरळ काळे ठिपके डोळ्याला रवाळ दिसतात. चेहऱ्यावर वाळू सांडल्यासारखं वाटतं. यावरचा उपाय सुचायला सोपा आणि घडवायला कठीण होता: काळ्या शाईच्याच दोन-तीन पातळ्या करायच्या. गडद काळी, करडी आणि फिकी करडी. उजळ भागात एका काळ्या ठिपक्याऐवजी फिक्या करड्याचे अनेक ठिपके दाटीने टाकायचे. एप्सनने २००५च्या सुमाराला तीन पातळ्यांची काळी शाई असलेले प्रिंटर बाजारात आणले, आणि घरच्या टेबलावर डार्करूमच्या तोडीचा प्रिंट निघू शकतो हे बऱ्याच जुन्या छायाचित्रकारांनी नाइलाजाने का होईना, मान्य केलं. अमेरिकेतले जॉन कोन तर सात पातळ्यांपर्यंत गेले. त्यांच्या पद्धतीत प्रिंटरमधून सगळ्या रंगीत शाया काढून टाकायच्या आणि प्रत्येक खान्यात काळ्याच्याच वेगवेगळ्या छटा भरायच्या. या यंत्रातून रंगीत फोटो निघणारच नाही. मला हा हट्ट आवडतो.

आता तो जुना पदार्थ. टिकाऊ काळ्या शाईतला काळा म्हणजे कार्बन, साध्या भाषेत काजळी. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, वर भांडं पालथं धरायचं, जमलेली काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दिवसेंदिवस घोटायची आणि बोरूने लिहायचं. आपल्या कागदी पोथ्यांची काळी शाई बहुतांशी अशीच. बडनेऱ्याहून फार लांब नसलेलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं पीठ. चक्रधरांच्या लीळांचं लेखन या मातीतलं, आणि पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या हाताने उतरवण्याची रीत त्या पंथाने जपली. शतकं उलटली, कागद पिवळा पडला, किडीने कुरतडला, पण काजळीचं अक्षर फिकं झालं नाही. कार्बनला उजेडाने काही होत नाही, हवेने काही होत नाही. जळून जे उरायचं होतं ते उरलंय. आता त्याचं आणखी काय बिघडणार?

डिंकाचं काम कागदाला चिकटवण्याचं, असं आपल्याला वाटतं. ते असतंच, पण त्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं. काजळीचे कण पाण्यात सोडले की एकमेकांना धरतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. डिंकाचा रेणू प्रत्येक कणाभोवती लपेटला जातो आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. आजच्या पिगमेंट शाईत हेच काम कृत्रिम राळ करते. कण साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे दळलेले आणि प्रत्येकावर राळेचं वेष्टण. पोथी लिहिणाऱ्याने चुकून ही शाई हातात घेतली असती तर ओळखली असती. फक्त 'इतकं कोणी घोटलं?' असं विचारलं असतं.

निव्वळ कार्बनचा करडा जरा उबदार, तपकिरीकडे झुकणारा असतो. बारीक कण निळा प्रकाश थोडा जास्त अडवतात, म्हणून. त्यामुळे कंपन्या करड्या शाईत किंवा छपाईच्या वेळी निळसर रंगाचा कणभर हात देतात. जुन्या फोटोंच्या नकलेत मला तो तपकिरी झुकाव हवासाच वाटतो.

दुसरी जात डाय शाईची. तिच्यात कण नसतात. रंग पाण्यात साखरेसारखा पूर्ण विरघळलेला. ती चमकते, स्वस्त पडते, नोझलमध्ये सहसा अडकत नाही. पण तिचा रेणू एकटा असतो. उजेडाचा किंवा हवेतल्या ओझोनचा मारा झाला की तुटतो. २००० साली एका नामांकित कंपनीच्या नव्या फोटो प्रिंटरवरचे प्रिंट काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी पडले. कारण निघालं हवेतला ओझोन: सायन रंग त्याने खाल्ला होता. त्यानंतर डाय शाया बऱ्याच सुधारल्या आणि काचेमागे ठेवलेला डाय प्रिंट आता वर्षानुवर्षं टिकतो. पण स्टुडिओत बाटलीवर नाव नसलेली 'कंपॅटिबल' शाई भरली असेल, तर ही सगळी सुधारणा गेली वाऱ्यावर. आबाजी दोन उन्हाळ्यांत पुन्हा हिरवे.

शाई काजळीची, तर कागद कशाचा? उत्तम प्रतीचा फोटो कागद कापसाचा. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा वऱ्हाडी माणसाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

बडनेरा जंक्शन झालं ते कापसामुळे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली आणि १८६०च्या दशकात मुंबईहून नागपूरकडे निघालेला लोहमार्ग इथून गेला. अमरावती शहर मुख्य मार्गाच्या बाजूला राहिलं, म्हणून बडनेऱ्याहून तिकडे फाटा निघाला. मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूरची शकुंतला रेल्वे आली ती कापसासाठीच, बडनेऱ्याची विजय मिलही कापसाचीच होती. जिनिंगमध्ये रुई वेगळी होते, सरकी वेगळी. रुईच्या गाठी गिरणीत जातात, सरकी तेलाला, ढेप गुरांना. पण जिनिंगमधून निघालेल्या सरकीकडे नीट पाहा. तिच्यावर आखूड, बारीक लव राहिलेली असते. सूत काढायला ती कामाची नाही, लांबीच नाही. ही लव खरवडून काढली की तिला लिंटर म्हणतात, आणि जगातल्या महागड्या कलाकागदांचा कच्चा माल ती आहे. जर्मनीतल्या १५८४ सालापासून चालत आलेल्या हानेम्युले या कागदगिरणीचा 'फोटो रॅग' हा कागद शंभर टक्के कापसाचा. आपल्या खिशातली नोटही कापसाचीच. लाकडाच्या लगद्याचा कागद इतक्या हातांत टिकला नसता.

लाकडात सेल्युलोजबरोबर लिग्निन असतं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं, म्हणून उन्हात राहिलेलं वर्तमानपत्र आठवड्यात पिवळं. कापूस मात्र जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, निसर्गानेच धुवून दिलेला. त्यात आम्ल उरू दिलं नाही आणि पांढरेपणासाठी चकाकी आणणारी रसायनं घातली नाहीत, तर तो कित्येक पिढ्या टिकतो. ही रसायनं दुकानात कागद दुधासारखा दाखवतात. काही वर्षांनी थकतात आणि कागद पिवळसर होतो. म्हणून नमुन्याचे दोन कागद शेजारी ठेवले तर जो जरा मळकट पांढरा दिसतो, टिकण्याच्या बाबतीत तोच बहुधा भरवशाचा.

नुसत्या कापसाच्या कागदावर थेंब टाकला तर तो तंतूंमधून पसरेल. म्हणून वर सिलिकासारख्या खनिजाचा अतिसूक्ष्म छिद्रांचा थर देतात: पाणी आत शोषलं जातं, काजळी वरच राहते. बरायटा कागदात या थराखाली बेरियम सल्फेटचा लेप असतो, जुन्या डार्करूमच्या कागदात होता तसाच. काळेपणाचा हिशोबही कागदावर ठरतो. मॅट कागदावरचा गडद काळा आपल्यावर पडलेल्या उजेडातला साधारण पन्नासावा भाग परत पाठवतो. चकचकीत किंवा बरायटा कागदावरचा काळा दोनशेवा. आकड्यांत चौपट फरक आहे, पण मॅट प्रिंट हातात घेतल्यावर तो फिका वाटत नाही, मऊ वाटतो. त्यासाठी शाईही वेगळी: मॅट कागदाला 'मॅट ब्लॅक', चकचकीताला 'फोटो ब्लॅक'. जुन्या यंत्रांत ती बदलताना नळीतली शाई फुकट जायची. नव्यांत दोन्हींना स्वतंत्र वाट असते. विकत घेताना हे विचाराच.

तर घ्यायचा कोणता? मेगापिक्सेलसारखा एकच आकडा इथे नाही. खोक्यावरच्या 'डीपीआय'कडे दुर्लक्ष करा. एकच प्रश्न विचारा: करड्या शाया किती? एकही नसेल तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी काळ्यापांढऱ्यासाठी ते यंत्र नव्हे. ड्रायव्हरमध्ये 'ग्रेस्केल' निवडलं की काम झालं, असं तो म्हणेल; फोटो कागदावर बरेच प्रिंटर तेव्हाही करडं रंगीत शायांमधूनच बनवतात.

रोज गिऱ्हाईक असलेल्या स्टुडिओला बाटलीतून शाई भरायचा, पण एक करडी शाई असलेला टँक प्रिंटर योग्य. एप्सनचा एल८१८० आहे, कॅननचा जी५७० आहे. कॅननमधल्या सगळ्या शाया डाय आहेत, एप्सनमध्ये एक काळी पिगमेंट असली तरी फोटोचं काम डायवरच चालतं. पण रवाळपणा कमी आणि करडा बराच ताब्यात. ज्याला प्रदर्शनाचे, नातवंडांपर्यंत टिकावेत असे प्रिंट हवेत, त्याने पिगमेंटकडे जावं. एप्सनचे पी७०० आणि पी९०० यांत दोन काळ्या, एक करडी आणि एक फिकी करडी, वर काळ्यापांढऱ्यासाठी वेगळी सोय. कॅननच्या प्रो-३०० मध्ये दोन काळ्या आणि एक करडी. या यंत्रांचा खरा खर्च शाईत आहे. एल८०५ची बाटली ७० मिलिलिटरची येते. प्रो-३००चं एक काडतूस १४.४ मिलिलिटरचं, आणि अशी दहा. प्रिंटर घेताना दहाही काडतुसांच्या दुसऱ्या संचाची किंमत विचारून घ्या, मगच ठरवा.

आणि मग वऱ्हाडचा उन्हाळा. बहुतेक घरगुती इंकजेटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: तापमान १० ते ३५ अंश, आर्द्रता २० ते ८० टक्के. मे महिन्यात बडनेऱ्यात बाहेर पारा पंचेचाळिशीच्या आसपास, दुपारची आर्द्रता विसाच्या खाली. म्हणजे टिनाच्या खोलीतला प्रिंटर दोन महिने कंपनीच्या दृष्टीने पृथ्वीबाहेर असतो.

होतं काय, की नोझलच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग हवेला उघडा असतो. पाणी उडतं, राळ आणि काजळी मागे राहते, दाट होते, मग घट्ट. शाईत ग्लिसरीनसारखे ओल धरणारे पदार्थ घालतात ते यासाठीच. यंत्र स्वतःही जपतं: काम नसताना स्फटिकाला इतका हलका झटका देतं की थेंब पडत नाही, फक्त शाई हलते, अधूनमधून चार थेंब बाजूला थुंकतं. काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबराच्या टोपीवर बसतं. ही टोपी म्हणजे प्रिंटरचं आयुष्य. म्हणून प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने कधी बंद करू नये. त्याच्या स्वतःच्या बटणाने करावा, हेड टोपीवर बसू द्यावं, मग भिंतीवरचं बटण. छपाईच्या मधेच वीज गेली तर हेड कागदावर उघडं अडकतं, आणि मेच्या दुपारी तसं दोन तास राहिलं तर नोझल गेलेच समजा. इन्व्हर्टरवर पंख्याआधी प्रिंटर जोडा.

कूलर हा इथला अजब मित्र. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा नोझलला बरी, पण कागदाला वाईट. कागद ओल पितो, फुगतो, कडा वर येतात आणि धावतं हेड त्यांना घासतं. म्हणून प्रिंटर कूलरच्या खोलीत ठेवावा, झोतात नाही. आणि कागद पाकिटात बंद, छापायच्या वेळीच बाहेर. पावसाळ्यात उलटी गोष्ट: प्रिंट वाळायला वेळ लागतो. रात्रभर उघडा ठेवल्याशिवाय काचेमागे घालू नका, नाहीतर आतून काच धुरकट होते.

दसऱ्यानंतर कापूस घरी येऊ लागला की हवेत रुईचे तंतू तरंगतात. एक तंतू नोझलच्या पट्टीला चिकटला की शाई त्याच्यावरून ओघळते आणि फोटोवर काळी रेघ ओढली जाते. दाट विणीच्या सुती कापडाने यंत्र झाकून ठेवा; टॉवेल नको, त्याचेच तंतू सुटतात. कापसाच्या कागदाचीही बारीक पूड असते. छापण्याआधी मऊ ब्रशने कागद झटकला नाही तर छापल्यावर पूड गळते आणि काळ्या भागात पांढरे ठिपके उरतात.

यंत्र चालू ठेवणं हेच त्याचं औषध. आठवड्यातून एकदा नोझल चेक छापावा, प्रत्येक शाईची जाळी पूर्ण आली का पाहावं. रेघ तुटली असेल तर एकदा हेड क्लीनिंग, फार तर दोनदा. मग थांबा, रात्रभर. घाईने सात-आठ वेळा केलं तर शाई वाया जाते, ती आतल्या वेस्ट पॅडमध्ये साचते, पॅड भरलं की यंत्र काम नाकारतं. टोपी आणि पुसणीची रबरपट्टी हाताने पुसायची वेळ आली तर पाणी बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घ्या. बोअरचं नको, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचं तर मुळीच नको. शाईने नाही भरलं तर क्षाराने भरेल. पिगमेंटचं काडतूस बसवण्याआधी हलवायला विसरू नका: काजळी आजही तळाशी बसते.

आणि संगणकाचा पडदा. दुकानात तो इतका उजळ ठेवलेला असतो की पडद्यावर सुंदर दिसणारे आबाजी कागदावर अंधारात जातात. आधी पडद्याचा उजेड कमी करा, शेजारी कोरा पांढरा कागद धरा, दोन्ही पांढरे सारखे वाटले की मगच फोटोला हात लावा. जुना फोटो स्कॅन करताना फक्त करड्यात, पण १६ बिटमध्ये घ्यावा. सावल्या उघडताना पट्टे पडत नाहीत.

हे सगळं वाचून ज्याला महिन्याला दोन-तीनच प्रिंट काढायचे आहेत, त्याला माझं स्पष्ट म्हणणं: प्रिंटर घेऊ नका. पिगमेंट प्रिंटर रिकामा बसला की मरतो, आणि बडनेऱ्याच्या उन्हात लवकर मरतो. त्या पैशांत नागपूर, पुणे किंवा मुंबईतल्या चांगल्या लॅबकडून कापसाच्या कागदावर कित्येक वर्षांचे प्रिंट काढून होतील. पण गावात, अमरावतीत, अकोल्यात असे चार हौशी असतील तर चौघांत एक यंत्र घ्यावं. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आणि बिनटिनाची खोली असेल त्याच्याकडे ते राहावं; दर रविवारी एकाची पाळी, त्याने एक तरी प्रिंट काढायचाच, निदान नोझल चेक तरी. कागद ज्याचा त्याने आणावा, शाईचा खर्च मिलिलिटरने वाटून घ्यावा. प्रत्येक कामाला किती शाई लागली ते काही प्रिंटर स्वतःच सांगतात.